ड्रमसंचातील इलेक्ट्रॉनिक पॅड

ड्रमसंच हे एका माणसाने वाजवावयाचे वाद्य असले, तरी वस्तुतः ते अनेक वाद्यांचे कुटुंब आहे. पायाने वाजविला जाणारा बास ड्रम, गुडघ्यांमध्ये येणारा स्नेअर ड्रम, लहानमोठे टॉम-टॉम, पायाने उघडझाप होणारी हाय-हॅट ही झांजांची जोडी आणि स्टँडवर टांगलेल्या मोठ्या झांजा, असा त्याचा परिवार असतो. या परिवारातील प्रत्येक वाद्याचा आवाज त्याच्या आकारावर, पडद्याच्या ताणावर आणि धातूच्या जाडीवर अवलंबून असतो. साहजिकच त्या आवाजांना मर्यादा असते. शेकडो माणसांच्या टाळ्या, देवळातील घंटा, ढगांचा गडगडाट किंवा दुसऱ्याच एखाद्या तालवाद्याचा बोल ड्रमसंचातून काढता येत नाही.

अशा वेळी ड्रमवादक आपल्या संचाच्या एका बाजूस रबराने मढविलेले एक चपटे पॅड बसवितो. त्यावर काठीचा आघात करताच ध्वनिक्षेपकातून हवा तो आवाज उमटतो. पाहणाऱ्यास असे वाटते की, हा आवाज पॅडमधून निघाला. परंतु तसे नाही. ध्वनिक्षेपक बंद करून तेच पॅड वाजविले, तर टेबलावर पुस्तक आपटावे तसा बोदा ठोका तेवढा ऐकू येतो. पॅड आवाज काढीत नाही. ते आघात झाल्याची वर्दी देते. ही वर्दी फार त्रोटक असते. कोणत्या पॅडवर आघात झाला, केव्हा झाला आणि किती जोराचा झाला, एवढेच तिच्यात असते. ही वर्दी कशी तयार होते, ती कोठे चुकू शकते आणि तिच्यात काय मावत नाही, हे ज्यास समजले त्यास पॅडचा उपयोग नीट करता येतो.

पूर्वेतिहास

तालवाद्यास विजेची जोड देण्याचे प्रयोग १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले. 'मूडी ब्लूज' या ब्रिटिश वाद्यवृंदाचा ड्रमवादक ग्रीम एज याने १९७१ सालच्या एका ध्वनिमुद्रणात इलेक्ट्रॉनिक ड्रम वापरला. इंग्लंडमधील डेव्ह सिमन्स यांच्या कंपनीने १९८१ मध्ये षट्कोनी पॅडांचा संच बाजारात आणला आणि तो फार लोकप्रिय झाला. त्याचे आवाज विद्युत्-मंडलांतून निर्माण केलेले होते. त्याची पॅडे मात्र अतिशय कठीण प्लॅस्टिकची असल्याने मनगटे दुखतात, अशी वादकांची तक्रार असे.

याच सुमारास दुसरी एक कल्पना पुढे आली. आवाज विद्युत्-मंडलात निर्माण न करता खऱ्या वाद्याचा आवाज मुद्रित करून तो अंकांच्या रूपाने साठवून ठेवावा, अशी ती कल्पना होय. अमेरिकेतील रॉजर लिन यांनी १९८० मध्ये तयार केलेल्या तालयंत्रात असे साठविलेले आवाज होते. त्या काळी अंक साठविण्याची स्मृतिमंडले इतकी महाग होती की, दीर्घकाळ निनादणाऱ्या मोठ्या झांजेचा आवाज त्या यंत्रात घातलाच नव्हता. १९८५ मध्ये रोलँड या जपानी कंपनीने आठ पॅडांची एक पेटी काढली. या पेटीत स्वतःचा एकही आवाज नव्हता. ती दुसऱ्या यंत्रास केवळ वर्दी पाठवीत असे. तिचे 'ऑक्टोपॅड' हे नाव भारतातील वाद्यवृंदांत इतके रूढ झाले की, कोणत्याही कंपनीच्या अशा पेटीस सर्रास ऑक्टोपॅड म्हणतात. महाराष्ट्रात गणेशोत्सवातील व लग्नसमारंभांतील वाद्यवृंदांत ढोलकीचे किंवा संबळाचे बोल या पेटीवरून वाजविले जाताना आढळतात.

दाबातून वीज

बहुतेक पॅडांच्या पोटात एक लहानशी चकती असते. पितळेच्या पातळ पत्र्यावर सिरॅमिकचा थर चिकटवून ती बनविलेली असते आणि तिचा व्यास साधारणतः २ ते ३.५ सेंटिमीटर असतो. हा सिरॅमिक पदार्थ शिसे, झर्कोनियम आणि टायटेनियम यांच्या संयुगापासून तयार करतात. त्याच्या अंगी एक विलक्षण गुण आहे. त्यास वाकविले किंवा दाबले की त्याच्या दोन पृष्ठभागांवर परस्परविरुद्ध विद्युत्-भार प्रकट होतात. या गुणास दाबविद्युत् असे म्हणतात.

हा गुण फ्रान्समधील झाक क्यूरी आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टूर्मलीन इत्यादी स्फटिकांत दाखवून दिला. त्याचे कारण पदार्थाच्या अंतर्रचनेत आहे. अशा स्फटिकात धन आणि ऋण भारांचे कण ठरावीक जागी असतात, परंतु त्यांची मांडणी मध्यबिंदूभोवती सारखी नसते. स्फटिक दाबला गेला की कण आपल्या जागेवरून किंचित सरकतात. धन भारांचा मध्य एकीकडे आणि ऋण भारांचा मध्य दुसरीकडे गेल्याने पृष्ठभागांवर भार दिसू लागतो. दाब काढला की कण पूर्ववत् होतात आणि भारही नाहीसा होतो.

काठीचा आघात पॅडवर झाला की रबराखालील पत्रा कंप पावतो आणि त्याबरोबर चकतीही वाकते. तिच्या दोन तारांमध्ये क्षणभर विद्युत् दाब निर्माण होतो. आघात हलका असेल तर हा दाब व्होल्टचा लहानसा अंश असतो. जोराच्या आघाताने तो काही व्होल्टपर्यंत चढतो. या कामासाठी चकतीस बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. आघाताच्या ऊर्जेचाच अल्प अंश विजेच्या रूपाने तारेतून जातो.

येथे एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चकतीच्या अगदी वर आघात झाला तर दाब अधिक येतो; तेवढ्याच जोराचा आघात पॅडच्या कडेस झाला तर तो कमी येतो. म्हणून उत्तम पॅडांत चकती व रबर यांच्यामध्ये फोमचा थर घालून किंवा एकाहून अधिक चकत्या बसवून हा भेद कमी केलेला असतो.

खरा आघात कोणता?

तारेतून येणारी विजेची लाट म्हणजे एकच सुबक टोक नव्हे. पत्रा एकदा हलला की तो काही काळ थरथरत राहतो. त्यामुळे प्रथम एक उंच लाट येते आणि तिच्यामागून लहान होत जाणाऱ्या लाटांची रांग लागते. शिवाय शेजारच्या बास ड्रमचा हादरा स्टँडच्या नळीतून पॅडपर्यंत पोचतो व चकतीस हलवितो. या सर्व गोंधळातून वादकाचा खरा आघात निवडून काढण्याचे काम मॉड्यूल नावाच्या पेटीतील लहानसा संगणक करतो. त्यासाठी त्यास तीन नियम घालून दिलेले असतात आणि ते नियम कमीअधिक करण्याची सोय वादकाच्या हाती असते.

पहिला नियम उंबरठ्याचा. विद्युत् दाब एका ठरावीक पातळीच्या वर गेला तरच त्यास आघात समजावे, त्याखालील सर्व हालचाल सोडून द्यावी. उंबरठा फार खाली ठेवला तर शेजारच्या ड्रमच्या हादऱ्यानेही आवाज उमटतो. तो फार वर ठेवला तर वादकाने हळुवार वाजविलेले आघात मुकाट गिळले जातात.

दुसरा नियम निरीक्षणकालाचा. उंबरठा ओलांडला गेल्यावर मॉड्यूल लगेच निर्णय देत नाही. लाट कोठपर्यंत चढते हे पाहण्यासाठी ते थोडा वेळ थांबते आणि त्या अवधीत आढळलेल्या सर्वांत मोठ्या दाबावरून आघाताचा जोर ठरविते. हा अवधी सामान्यतः २ सहस्रांश सेकंदांच्या आसपास असतो. तो कमी केला तर लाट शिखरास पोचण्यापूर्वीच मोजली जाते आणि सारख्या जोराच्या आघातांचे जोर वेगवेगळे नोंदले जातात. तो वाढविला तर मोजमाप सुधारते, पण आवाज उशिरा येतो.

तिसरा नियम निषेधकालाचा. एक आघात नोंदला गेला की पुढील काही सहस्रांश सेकंद त्या पॅडवरील कोणतीही नवी वर्दी स्वीकारावयाची नाही. पत्र्याच्या थरथरीमुळे एका आघाताचे दोन आघात होऊ नयेत, म्हणून ही योजना केलेली असते. हा काल किती असावा हे थोड्या हिशोबाने कळते. निष्णात वादक दोन्ही हातांनी सेकंदास १६ आघात करीत असेल, तर दोन आघातांमध्ये ६२ सहस्रांश सेकंदांहून किंचित अधिक अंतर राहते. म्हणजे निषेधकाल ७० सहस्रांश सेकंद ठेवल्यास त्याचा एक आड एक आघात नाहीसा होईल. दोन काठ्या किंचित मागेपुढे टेकवून काढलेल्या आघातांत तर अंतर याहूनही पुष्कळ कमी असते. म्हणून अनेक यंत्रांत हा काल ८ सहस्रांश सेकंदांच्या आसपास ठेवलेला आढळतो.

या तिन्ही नियमांत एकच तत्त्व दिसते. खोटा आघात टाळण्याची जितकी अधिक दक्षता घ्यावी, तितका खरा आघात हरविण्याचा संभव वाढतो. कोणतेही यंत्र यातून पूर्णपणे सुटलेले नाही. कोणत्या बाजूची चूक कमी हानिकारक, हे त्या त्या गाण्यावरून वादकानेच ठरवावयाचे असते.

जोर ठरला की त्यास अंक दिला जातो. इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची 'मिडी' नावाची सांकेतिक भाषा १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आघाताच्या जोरास १ ते १२७ यांपैकी एक अंक मिळतो. २०२० मध्ये स्वीकारलेल्या तिच्या नव्या आवृत्तीत ६५,००० हून अधिक पायऱ्यांची सोय आहे. तथापि जुनी पद्धतही प्रचारात आहे.

साठविलेला आवाज

आता ध्वनिक्षेपकातून येणाऱ्या आवाजाकडे वळू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. हा चढउतार अतिशय थोड्या थोड्या वेळाने मोजून अंकांची एक लांबलचक यादी केली, तर त्या यादीवरून मूळ आवाज पुन्हा उभा करता येतो. अशा यादीस ध्वनीचा नमुना किंवा वादकांच्या बोलीत 'सॅम्पल' म्हणतात.

किती वेळा मोजावे? आवाजातील सर्वांत जलद कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले तर ती कंपने यादीतून हरवत नाहीत, असे गणित सांगते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे तत्त्व स्पष्ट मांडले आहे. माणसाच्या कानास सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हणून सेकंदास ४४,१०० वेळा मोजण्याचा प्रघात पडला. प्रत्येक मापास दोन बाइट आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या, तर एका सेकंदास १,७६,४०० बाइट लागतात. दहा सेकंद निनादणाऱ्या झांजेस साडेसतरा लाखांहून अधिक बाइट लागतील. १९८० मध्ये झांज का वगळावी लागली, हे या आकड्यांवरून कळते. आज लहानशा पॅडमध्येही अशा शेकडो नमुन्यांस जागा असते.

नमुना एकच असेल आणि जोराप्रमाणे तो फक्त लहान-मोठा केला जात असेल, तर कानास तो लवकर कृत्रिम वाटतो. कारण खरा ड्रम जोराने वाजविला की केवळ मोठाच वाजत नाही. त्याच्या आवाजाचा पोतही बदलतो. म्हणून हळू, मध्यम आणि जोराच्या आघातांचे वेगवेगळे नमुने मुद्रित करून मॉड्यूलमध्ये ठेवतात आणि आलेल्या अंकावरून त्यांपैकी एकाची निवड होते. तसेच एकाच जोराचे अनेक आघात लागोपाठ आले असता एकच नमुना पुनःपुन्हा वाजून बंदुकीच्या फैरीसारखा परिणाम होऊ नये, म्हणून सारख्या जोराचे तीन-चार नमुने आळीपाळीने वाजविण्याची योजना असते.

नमुना एका आघाताचाच असावा असेही नाही. काही वेळा गाण्याचा एक संपूर्ण तालखंड साठवून ठेवतात. पहिल्या आघाताने तो सुरू होतो व दुसऱ्या आघाताने थांबतो. अशा वेळी एक नवी जबाबदारी येते. यंत्रातील तालखंडाची लय ठरलेली असते आणि ती वादकासाठी थांबत नाही. म्हणून कानांत बसविलेल्या श्रवणयंत्रातून लयीचे ठोके ऐकत वाजविण्याची सवय करावी लागते. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून तालखंड उचलावयाचा असेल तर त्याच्या मालकाची परवानगीही घ्यावी लागते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणांसही संरक्षण दिलेले आहे.

संचात पॅड बसविणे

पॅडचे तीन प्रकार प्रचारात आहेत. पहिल्यात एकाच चौकोनी पेटीवर सहा ते नऊ पॅडे असून आवाजही त्याच पेटीत साठविलेले असतात. दुसऱ्यात एकटे पॅड असते आणि ते केबलने वेगळ्या मॉड्यूलला जोडतात. तिसरा प्रकार म्हणजे खऱ्या ड्रमच्या काठास अडकवावयाचा ट्रिगर. त्यातील चकती ड्रमच्या पडद्यास टेकलेली असते. त्यामुळे ड्रम वाजताच त्याच्या मूळ आवाजात साठविलेला आवाज मिसळतो.

पॅडची जागा ठरविताना हाताचा सहज झोक पाहावा. हाय-हॅटच्या डावीकडे किंवा टॉम-टॉमच्या वर, काठी फार लांब न नेता पोचेल अशा ठिकाणी ते बहुधा बसवितात. पॅडची पातळी शेजारच्या ड्रमपेक्षा फार वेगळी असू नये. नाहीतर काठीचे टोक लागण्याऐवजी तिचा दांडा कडेवर आपटतो.

यानंतर हादऱ्यांची परीक्षा घ्यावी. प्रथम पॅडला हात न लावता बास ड्रम आणि स्नेअर ड्रम शक्य तितक्या जोराने वाजवावे. पॅडचा आवाज आपोआप उमटत असेल, तर तो बंद होईपर्यंत उंबरठा थोडा थोडा वर न्यावा. मग गाण्यात वापरावयाचा सर्वांत हळुवार आघात पॅडवर करून पाहावा. तो ऐकू आला तर काम झाले. ऐकू आला नाही, तर उंबरठ्याशी झगडत बसण्यात अर्थ नाही. दोष जोडणीत आहे असे समजावे. टॉम-टॉमच्या नळीस क्लॅम्पने आवळलेले पॅड काढून स्वतंत्र स्टँडवर बसविले आणि स्टँडच्या पायांखाली रबर किंवा जाड गालिचा ठेवला, की हादऱ्याची वाट पुष्कळ अंशी तुटते. जो दोष यांत्रिक उपायाने दूर होतो, तो इलेक्ट्रॉनिक उपायाने झाकू जाऊ नये. झाकलेला दोष भरलेल्या सभागृहात, ध्वनिक्षेपकांच्या प्रचंड आवाजात पुन्हा डोके वर काढतो.

अखेरीस मॉड्यूलमधून निघणारी केबल मिक्सरला जोडतात. पॅडचा आवाज खुद्द वादकासही ऐकू आला पाहिजे, हे पुष्कळदा विसरले जाते. खरा ड्रम वादकाच्या समोरच वाजतो. पॅडचा आवाज मात्र श्रोत्यांकडे तोंड केलेल्या ध्वनिक्षेपकांतून बाहेर जातो. म्हणून वादकाजवळ लहान ध्वनिक्षेपक किंवा श्रवणयंत्र असणे अवश्य आहे.

विलंबाचा प्रश्न

आघात आणि आवाज यांमध्ये थोडा वेळ जातोच. निरीक्षणकालाचे २ सहस्रांश सेकंद वर सांगितलेच आहेत. मिडीच्या मूळ पद्धतीत केबलमधून सेकंदास ३१,२५० द्विमान चिन्हे जातात आणि एका आघाताच्या वर्दीस अशी ३० चिन्हे लागतात. म्हणजे तिला सुमारे १ सहस्रांश सेकंद लागतो. नमुने संगणकात ठेवलेले असतील, तर तो एका वेळी २५६ मापांचा गठ्ठा तयार करून पुढे पाठवीत असता आणखी सुमारे ६ सहस्रांश सेकंद जातात.

हा उशीर जाचक आहे काय? हवेतून आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक मीटर जाण्यास त्यास ३ सहस्रांश सेकंद लागतात. तीन मीटर दूर बसलेल्या साथीदाराचे वाद्य वादकास ९ सहस्रांश सेकंद उशिराच ऐकू येते आणि तरीही दोघे लयीत वाजवितात. यावरून एवढा विलंब निभावतो असे दिसते. परंतु बिनतारी ब्लूटूथ श्रवणयंत्र वापरले तर पुष्कळदा १०० सहस्रांश सेकंदांहून अधिक विलंब होतो. तो तीस मीटरहून लांब बसलेल्या साथीदाराइतका आहे. अशा स्थितीत लय सांभाळणे अशक्यप्राय होते. म्हणून या कामी तारेचेच श्रवणयंत्र वापरणे इष्ट.

वर्दीत न मावणारे

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये स्वतंत्रपणे भारतीय तालवाद्यांवर निबंध प्रसिद्ध केले. सामान्य ड्रमच्या पडद्याची कंपने परस्परांशी सुसंगत नसतात. परंतु तबला आणि मृदंग यांच्या पुडीवरील शाईच्या भारामुळे ती पूर्णांकांच्या प्रमाणात येतात व म्हणून या वाद्यांतून निश्चित स्वर ऐकू येतो, असे त्यांनी दाखविले. वादक बोट कोठे ठेवतो, कोठे उचलतो, यावर कोणती कंपने राहावीत आणि कोणती दबावीत हे ठरते. एकाच पुडीतून निरनिराळे बोल निघतात ते यामुळेच.

साध्या पॅडला यातील काहीही कळत नाही. बोट कोठे टेकले, तळहात राहिला की उचलला, डग्ग्यावर मनगट सरकवून आवाज कसा चढविला, याची नोंद करण्यास त्याच्या वर्दीत जागाच नाही. आघाताचे स्थान ओळखणारी, कडेचा आघात वेगळा नोंदविणारी आणि हाताने दाबून आवाज थांबविता येणारी पॅडे आता मिळतात. १९९७ पासून जाळीदार पडद्याची पॅडेही प्रचारात आली असून त्यांवर काठी खऱ्या ड्रमप्रमाणे उसळते. या सुधारणांनी वर्दी अधिक सविस्तर होत चालली आहे. तथापि पुडीवरच्या बोटांचा सर्व व्यवहार तिच्यात सामावलेला नाही.

यावरून पॅड हीन ठरते असे नव्हे. ड्रमसंचात ते बसवावयाचे ते ड्रमची जागा घेण्यासाठी नव्हे, तर ड्रमला न येणारे काम करण्यासाठी. स्नेअर ड्रमवरील हळुवार काठीकाम स्नेअर ड्रमवरच करावे आणि घंटेचा एक ठोका किंवा टाळ्यांचा कडकडाट पॅडकडे सोपवावा. कोणते काम कोणाकडे द्यावे याचा विवेक ज्याच्यापाशी आहे, त्याच्या संचात कातडे, धातू आणि अंक ही तिन्ही एकाच लयीत नांदतात.